काचेआडचा धवला

मी चौथीपर्यंत शिकलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी बोट दाखवायला नको. चौथीचं वर्षही अर्धंच झालं, कारण मिठागरावर हात कमी पडत होते. पण सही माझी स्वतःची आहे. माझ्या बापाने जन्मभर अंगठा लावला. आमची खाडीकडची भातशेती शहर वसवायला गेली तीही अंगठ्यावरच, आणि कागदात काय लिहिलंय ते त्याने विचारलंसुद्धा नाही. तेव्हाच मी ठरवलं की आमच्या घरातला अंगठा बापाबरोबर संपला.

जमीन गेलेल्या माणसाला एक खोड लागते. नंबर असलेला कुठलाही कागद तो टाकत नाही. कोणता नंबर पुढे कधी कामाला येईल, सांगता येत नाही. माझ्याकडे पत्र्याची पेटी आहे. तिच्यात जुना सातबारा, प्लॉटचे कागद, वीजबिलं, मेलेल्या बैलाच्या लसीची पावतीसुद्धा आहे. शिरवण्यात आता माझी चार मजली इमारत उभी आहे, भाडेकरू वरखाली करतात, तरी ती पेटी माझ्या खाटेखालीच असते. हा सगळा प्रकार त्या पेटीत अकरा वर्षं निजून होता.

अकरा वर्षांपूर्वी माझी बायको आजारी पडली. पोटात गाठ. डोंगराच्या पायथ्याशी एक संशोधन संस्था आहे, तिला लागूनच इस्पितळ. तिथे ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी दुपारी एक तरुण बाई कागद घेऊन आली. सहा पानं, बारीक अक्षर. म्हणाली, "आजोबा, गाठ काढल्यावर तिचा छोटा तुकडा संशोधनासाठी ठेवायची परवानगी हवी. नाही म्हटलंत तरी उपचारात काही फरक पडणार नाही. मी आजीला सगळं वाचून दाखवते."

मी म्हटलं, "मना वाचता येतं. मी सांगतो तिला, आमच्या बोलीत."

ती पुन्हा म्हणाली, "अर्धा तास लागेल, पण वाचते ना मी."

आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघत होती. मी कागद ओढूनच घेतला. वाचायला लागलो असतो तर संध्याकाळ झाली असती, आणि वाचताना माझे ओठ हलतात. मी पानं नुसती उलटली. डोळे फिरवले, मान हलवली. बायको माझ्याकडे बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण माणूस वाचता येत होता.

"काय लिवलंय?" तिने विचारलं.

"काय नाय. तपासनीचं हाय. लाव अंगठा."

तिने लावला. खाली लिहिलं होतं की नातेवाइकाने सर्व मजकूर वाचून समजावून सांगितला. त्याखाली मी माझी सही केली. झोकात केली. बाईने एक प्रत मला दिली, तिच्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवली होती. बाराशे सात. नंबर दिसला म्हणून ती पेटीत गेली.

ऑपरेशननंतर बायको चार महिने होती. त्या चार महिन्यांत तिला एकच त्रास, थंडी. वैशाखात दोन गोधड्या घ्यायची. पाय माझ्या मांडीखाली सारायची आणि म्हणायची, "अवो, मना थंडीन ठेवू नका." मी म्हणायचो, "नाय ठेवनार गो." शेवटच्या दिवशीही तेच म्हणाली, तेच मी म्हणालो. मग ती गेली आणि आम्ही तिला अग्नी दिला. मला तेव्हा वाटलं, आता तरी हिची थंडी गेली.

ती धवलारीन होती. आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीन लागते. हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं ती गाते, त्याला धवला म्हणतात. पंचक्रोशीतून तिला बोलावणं यायचं. घरात भाकऱ्या भाजतानाही ती हळदीचा धवला गायची, पण पाठवणीचा कधीच नाही. तो मांडवातच, नवरी समोर उभी असली तरच. नातीने लहानपणी हट्ट केला होता, "पुढचा म्हन ना गो आये." तर ही तिच्यावर ओरडली, "घरान पाठवनी नसली न तो गायला का घरातलं कोनतरी निंगतं." नवरी नसताना तो गायला तर घरातल्याच कोणाची तरी कायमची पाठवणी होते, असा तिचा स्वतःचा नेम होता. दुसऱ्या धवलारनी असं मानतात का, मला ठाऊक नाही.

ही नात म्हणजे माझ्या धाकट्याची मुलगी. धाकट्याचा न्हावा शेव्याला ट्रेलर आहे. पोरगी अभ्यासात जी धावत सुटली ती थांबलीच नाही. एम.एस्सी. करताना दोन महिने त्याच संशोधन संस्थेत उन्हाळी ट्रेनिंगला गेली. तिथून आली ती डोक्यात पीएच.डी. घेऊनच. प्रवेश परीक्षा दिली, मग मुलाखत. पाच जण समोर, ही एकटी. घरी आली आणि म्हणाली, "आजा, एका सरांनी विचारलं, प्रयोग फसला तर काय करशील? मी म्हटलं, आमच्याकडे मिठाचा वाफा पावसाने गेला की आजा शिव्या द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत पाणी घ्यायचा."

"शिव्या कशाला सांगितल्यास?"

"त्यावरच तर सगळे हसले."

तिची निवड झाली. मी गावभर पेढे वाटले. शेजारचा एक दोस्त आहे, माझ्याच वयाचा, फाटक्या तोंडाचा. त्याने पेढा खाल्ला आणि विचारलं, "पाच वर्सां शिकून डाक्टर व्हनार, पन मना खोकला झाला तर औषद देनार नाय?"

"नाय देनार. पन तुज्या खोकल्यान काय हाय त्ये सोधून काडील."

"मंग मी मरनारच का रं?"

"मरशील, पन का मेलास त्ये कलंल."

दोघंही पोट धरून हसलो. ते हसणं पुढे मला आठवून आठवून नकोसं झालं.

पहिल्या वर्षी या मुलांना एकाच ठिकाणी बसवत नाहीत. सकाळी वर्ग, आणि बाकी वेळ तीन लॅब फिरायच्या, प्रत्येकीत काही महिने. त्यानंतर फॉर्म भरून द्यायचा की मी अमुक गाइडकडे काम करणार. एकदा दिला की पुढची पाच वर्षं तिथेच. नातीची तिसरी लॅब एका मॅडमची होती. तिथे गेल्यापासून ती घरी वेगळंच बोलायला लागली.

"आजा, एका पेशंटच्या गाठीतल्या पेशी आहेत, जिवंत. कितीतरी वर्षं नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या होत्या. मी बाहेर काढल्या, कोमट पाण्यात धरल्या, खाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी बघते तर बाटलीच्या तळाला चिकटून बसल्यात. मांडी ठोकून."

"मंग करतात काय त्या?"

"वाढतात. दर तिसऱ्या दिवशी बाटली भरते, मग सोडवून दुसऱ्या बाटल्यांत घालायच्या."

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडायला जातो.

"मॅडम म्हणतात, इतक्या चिवट पेशी त्यांनी बघितल्या नाहीत. थंडी मात्र अजिबात सोसत नाही. बाटली बाहेर पाच मिनिटं जास्त राहिली तर आक्रसून जातात. परत उबेत ठेवल्या की तासाभरात पसरतात."

तेव्हाही माझ्या मनात काही आलं नाही. एका रविवारी दुपारी ती ओट्यावर जवळा निवडत होती, मी बाकड्यावर पडलो होतो. कानावर हळदीचा धवला आला. शब्द नव्हते, नुसता सूर. पण सुराला एका जागी जे वळण द्यायचं ते बायकोचं होतं. ती तिथे श्वास घ्यायची आणि अर्धं खाली उतरायची. दुसरी कोणी तसं करत नव्हती.

मी उठून बसलो. "यो कुटून आनलास?"

"काय?"

"तू गात हायस त्यो."

तिने हात थांबवले. "मी गात होते? बघ ना, लॅबमध्येपण असंच होतं. त्या बाटल्या घेऊन बसले की आपोआप तोंडात येतं. शेजारी एक आसामची मुलगी बसते, ती हसते मला. आजीचं आहे ना ते? लहानपणी ऐकलेलं असणार."

असेल. लहानपणी ऐकलेलं असेल. मी तसंच धरलं. मग सहज विचारायचं म्हणून विचारलं, त्या पेशी कोणाच्या?

"ते आम्हाला कळत नाही, आजा. नाव नसतं. नुसता नंबर. बाराशे सात."

मी संध्याकाळपर्यंत पेटी उघडली नाही. पेटीतला नंबर मला पाठ होता, उघडायची गरज नव्हती. तरी उघडली. चिठ्ठीचा डिंक पिवळा पडला होता. आकडा काळाभोर.

त्यानंतर तीन आठवडे मी ते पोटात ठेवलं. त्याच वर्षी मी सोनाराकडे चांदी दिली होती. आमच्या घरात गेलेल्या माणसाचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात, हातावर मावेल एवढा पत्रा, त्यावर उठवलेली मूर्ती. दर वर्षी करायचा ठरायचा आणि राहून जायचा. मी सोनाराला जाऊन सांगितलं, थांब. तो म्हणाला, साचा तयार आहे. म्हटलं, असू दे. जी अजून पुरती गेली नाही तिला देवांत कशी बसवू? अकरा वर्षं ती गोठलेली होती. मी तिला म्हटलं होतं, नाय ठेवनार गो थंडीन. आणि मीच सही करून ठेवली होती.

नातीकडे बघितलं की वेगळंच वाटायचं. ती घरी आल्यावर हात धुवायची, मी तिच्या हातांकडे बघत राहायचो. त्या हातांनी ती दर तिसऱ्या दिवशी आपल्या आजीला सोडवत होती, खाऊ घालत होती, आणि तिला पत्ता नव्हता. एकदा ती म्हणाली, "आज त्या रुसल्या होत्या, मी उशिरा गेले ना." बायको अशीच रुसायची.

सोमवारी फॉर्म द्यायचा होता. रविवारी जेवताना नात म्हणाली, "मॅडमनी स्वतःहून विचारलं, माझ्याकडे येतेस का. बाराशे सातवरच थीसिस. आजा, अशी संधी मिळत नाही कोणाला." तिचा चेहरा असा फुलला होता की मी ताटात बघूनच जेवलो. गप्प बसलो असतो तर पाच वर्षं ती अज्ञानात तेच करत राहिली असती. बोललो असतो तर तिची लॅब गेली असती. आणि माझी सही खोटी होती हे घरात कळलं असतं. खरं सांगतो, तीन आठवडे मला अडवून धरलं ते या शेवटच्या गोष्टीने.

जेवण झाल्यावर मी पेटी ओढली आणि कागद तिच्या पुढ्यात ठेवला.

तिने नंबर बघितला. मग अंगठा. मग माझी सही. तिने त्या अंगठ्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "आजा, हे तू तिला वाचून दाखवलं होतंस?"

"नाय."

"मग इथे लिहिलंय..."

"लिवलंय त्ये खोटं हाय."

ती उठून मोरीत गेली आणि हात धुवायला लागली. खूप वेळ धूत होती.

सोमवारी तिने फॉर्म दिला नाही. मॅडमना जाऊन खरं सांगितलं. बुधवारी मॅडमनी मला बोलावलं. धुतलेलं धोतर, टोपी, आणि कागद पिशवीत. मनात पक्कं करून गेलो होतो की बायकोला तिथून मोकळी करायची. मेहरबानी मागत नव्हतो. कागदात तसा हक्क असतो हे नातीने सांगितलं होतं.

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही सांगाल तर इथल्या सगळ्या पेशी आम्ही नष्ट करू. पण आधी मला कागद वाचून दाखवू द्या. पूर्ण."

या वेळी मी म्हटलं, "वाचा."

सहा पानं त्यांनी वाचली. नात दाराशी उभी होती. अर्धा तास लागला, त्या बाईने सांगितला होता तेवढाच. बायकोला मी काय काय सांगायला हवं होतं ते अकरा वर्षांनी मी एकेक ऐकलं. तुकडा किती. कशासाठी. किती काळ, तर कायमचा. पाचव्या पानावर लिहिलं होतं की दुसऱ्या संस्थांना जे आधीच पाठवलं असेल ते परत आणता येणार नाही.

"पाठवलंय?" मी विचारलं.

"दोन ठिकाणी. एक परदेशात."

"तिथं थंडी लय असंल."

मॅडमनी कागद खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, "आजोबा, गोठवलेल्या पेशींना काही जाणवत नाही. बाटलीत काम चालू असतं तेव्हा त्या सदतीस अंशांवर असतात. आपल्या अंगाएवढी ऊब."

"आनि काम नसलं का परत गोठवायच्या?"

"हो."

मी चहा प्यायलो. दोन ठिकाणची ती तशीच राहणार होती, मी इथे काहीही केलं तरी. मग इथलीच, आपल्या खाडीच्या अलीकडची, तेवढी कशाला मारायची? म्हटलं, "मारू नका. पन काम बंद पाडू नका. कोनीतरी बसा तिच्याजवल."

मॅडम म्हणाल्या, घरच्या माणसाला त्या हे काम देऊ शकत नाहीत, नियम आहे. आसामची मुलगी तयार होती. नातीने दुसऱ्या गाइडचा फॉर्म भरला, त्याच मजल्यावर, समोरच्या बाजूला. महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. एकदाच म्हणाली, "तू त्या दिवशी अर्धा तास दिला असतास तर आजीने स्वतः सांगितलं असतं, हो का नाही ते."

आणखी काही महिने गेले. संस्थेत एक दिवस घरच्या लोकांना लॅब बघायला देतात. नातीने बोलावलं, तेव्हा मला कळलं की राग उतरला. दुपारची वेळ होती. लांब पडवी, दोन्ही बाजूंना फ्रीजर उभे, एकसारखे घुमत होते, जसा भरतीच्या आधी खाडीत दुरून आवाज येतो. एवढी माणसं आली होती, पण त्या पडवीत कोणीच नव्हतं. नात पुढे गेली चावी आणायला. मी एका काचेपाशी थांबलो.

आत ती आसामची मुलगी पाठमोरी बसली होती. पांढरा कोट, हातमोजे. हात काचेच्या पेटीत, समोर गुलाबी पाण्याची बाटली. ती गुणगुणत होती. काचेतून सूर अगदी बारीक येत होता. हळदीचा धवला. मी म्हटलं, हिने नातीकडून उचलला, शेजारी बसायच्या ना दोघी. सुराचं ते वळण आलं, श्वास, अर्धं खाली. तेही उचललं असेल.

हळदीचा संपला. नात तिथेच थांबायची, तिला पुढचं येत नाही. कधी ऐकलंच नाही.

ही थांबली नाही. तिने श्वास घेतला आणि पाठवणीचा सुरू केला.

मी माझ्या आयुष्यात तो मांडवाबाहेर ऐकला नव्हता. पहिलं कडवं, दुसरं, एकही जागा चुकली नाही. मग तिने बाटली उचलून उजेडात धरली आणि मान वळवली. डोळे माझ्याकडे नव्हते, बाटलीकडेच होते. सूर मात्र काचेला भिडून सरळ माझ्याकडे येत होता. नवरी समोर उभी असली तर बायको असाच गायची.

नात चावी घेऊन आली. "आजा, घाम का आलाय? एसी आहे इथे."

"तुज्या मैत्रिनीला इचार, काय गाते."

तिने काचेवर टकटक केली. मुलगी बाहेर आली, हसून हात जोडले. नातीने हिंदीत विचारलं. ती म्हणाली, "मैं? मैं तो गाती ही नहीं."

घरी जाताना मी रिक्षा सोनाराच्या दुकानाशी थांबवली. नात म्हणाली, आता काय काम? म्हटलं, टाक करायचा आहे. सोनाराने जुना साचा काढला, एकट्या बाईचा.

"यो नको," मी म्हटलं. "जोडीचा कर. तिच्या बाजूला जागा ठेव."

सोनार माझ्याकडे बघत राहिला. नातीने माझा दंड धरला. तिचे हात गरम होते.

"जास्त येल लावू नको," मी त्याला सांगितलं.